बाबांनी वाचलेला संदेष्टा

माझे बाबा तेव्हा सव्वीस वर्षांपासून एका इस्पितळात वाफेच्या खोलीत कामाला होते. शस्त्रक्रियेची हत्यारं, कात्र्या, चिमटे, अंगावर पांघरायची कापडं, सगळं त्यांच्याकडे यायचं. ते धुऊन, पुसून, मोजून हिरव्या कापडात बांधायचं आणि माणूस वाकून आत शिरेल एवढ्या पोलादी यंत्रात वाफेवर ठेवायचं. बाहेर आलेल्या गाठोड्यात एकही जंतू जिवंत राहता कामा नये, एवढंच त्यांचं काम. डॉक्टरांची नावं दारादारांवर होती. बाबांना सगळे 'वाफवाले' म्हणायचे, आणि त्यांनाही त्यात काही कमी वाटत नसे.

माणूस नाकासमोर चालणारा. घरात आवाज चढला की बाबा उठून हात धुवायला जायचे. आई म्हणायची, "भांडण निघालं की यांचे हात बरोब्बर मळतात." आणि न्हाणीघरातून पाण्याचा आवाज येत राहायचा, भांडण संपेपर्यंत.

आमच्या समोरच्या दारात एक गुरुजी राहायचे. भाषा शिकवण्यात आयुष्य गेलेलं, त्यात जुन्या भाषांचं वेड. निवृत्तीनंतर डोळे गेले आणि घरभर पुस्तकं असून माणूस उपाशी, अशी त्यांची गत झाली. संध्याकाळी तासभर वाचून दाखवशील का, असं त्यांनी आधी मला विचारलं. मी शाळेच्या कार्यालयात नोकरीला, घरी यायला उशीर व्हायचा. बाबा म्हणाले, "मी जातो." पाच वाजता कामावरून येऊन चहा घेतला की सहापर्यंत त्यांना तसंही काही नसायचं.

गुरुजींनी त्यांच्या हातात बायबलातल्या एका हिब्रू संदेष्ट्याचं, म्हणजे देवाचा निरोप लोकांना सांगणाऱ्याचं, पुस्तक दिलं. सव्वीसशे वर्षांपूर्वीचा माणूस. राज्य लहान, दाराशी बलाढ्य शत्रू, आणि हा चाळीस वर्षं एकच सांगत राहिला: तुम्ही गरिबाला नाडताय, खोट्याला खरं म्हणताय, अशानं हे शहर पडेल. कुणी ऐकलं नाही. घरच्यांनी वाळीत टाकलं, पुजाऱ्यांनी मारलं, राजानं कोंडलं.

"देवाधर्माचं माझं फारसं काही नाही," बाबा पहिल्याच दिवशी म्हणाले.

"देव बाजूला ठेवा हवं तर," गुरुजी म्हणाले. "माणूस बघा."

बाबांना तो माणूस मुळीच आवडला नाही. रोज सहा वाजता ते कुरकुरत परत यायचे. "सारखा रडतो," म्हणायचे. "देवाशी भांडतो, लोकांशी भांडतो. पहिल्याच पानावर त्याला एक उकळतं भांडं दिसतं, कलंडलेलं. म्हणे त्यातून संकट ओतणार. मी गुरुजींना म्हटलं, उकळत्या भांड्याचं मला नका सांगू, माझा जन्म गेलाय त्यात."

आई हसली. त्या दिवसांत ती कमी हसायची, कारण तिच्या पित्ताशयात खडे होते आणि मधूनच कळ आली की ओट्याला धरून उभी राहायची. शस्त्रक्रिया बाबांच्याच इस्पितळात व्हायची होती. चार महिने वाट पाहून तारीख मिळाली होती, तीन आठवड्यांनंतरची. इस्पितळातल्या शस्त्रक्रियांच्या पांढऱ्या फळ्यावर आईचं नाव लिहिलेलं बाबा रोज जाता-येता बघायचे.

आणि त्याच आठवड्यात कुपी पिवळी झाली.

हे जरा समजावून सांगायला हवं. गाठोड्यावर एक पट्टी चिकटवलेली असते. उष्णता लागली की तिच्यावर काळे पट्टे उमटतात. डॉक्टर तेवढं बघतात आणि गाठोडं उघडतात. पण पट्टी बाहेरची असते. वाफ आत, पार हत्याराच्या खाचेपर्यंत पोचली की नाही, हे पट्टीला कळत नाही. त्यासाठी बाबा दर सोमवारी एका गाठोड्याच्या पोटात करंगळीएवढी कुपी ठेवायचे. तिच्यात चिवट जातीचे जंतू मुद्दाम भरलेले असतात. वाफेनं ते मेले तर कुपी दोन दिवस उबेत ठेवूनही आतलं पाणी जांभळंच राहतं. जगले तर पिवळं होतं. सव्वीस वर्षांत बाबांनी पिवळं पाणी दोनदाच पाहिलं होतं, आणि दोन्ही वेळा मोठा दोष सापडला होता.

या वेळी बुधवारी पाणी पिवळं झालं. बाबांना वाटलं, कुपीच सदोष असेल. गुरुवारी दुसरी ठेवली. शनिवारी तीही पिवळी. त्यांनी दाराचा रबर बदलला, जाळी साफ केली, नळ्या तपासल्या. सोमवारी तिसरी ठेवली, ती बुधवारी जांभळी निघाली. बाबा त्या दिवशी घरी येताना शीळ घालत होते, मला नीट आठवतं. मग मनाची खात्री म्हणून गुरुवारी चौथी ठेवली. शनिवारी ती पिवळी.

यातलं आम्हाला काहीच माहीत नव्हतं. आम्हाला एवढंच दिसत होतं की बाबा एका जागी बसेनासे झाले आहेत. जेवताना उठायचे, पाणी प्यायचे, परत बसायचे. वर्तमानपत्राचं एकच पान अर्धा तास धरून ठेवायचे. आईनं विचारलं, "अहो, काय होतंय?" तर म्हणाले, "कुठे काय?" आणि हात धुवायला गेले. भांडण तर कुठलंच चालू नव्हतं.

चौथी कुपी पिवळी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार. गुरुजींकडे त्यांनी राजाच्या शेकोटीचा भाग वाचला. संदेष्ट्यानं सगळे इशारे लेखनिकाकडून एका गुंडाळीवर लिहून घेतलेले असतात. ती गुंडाळी राजापुढे वाचली जाते. थंडीचे दिवस, राजा शेकोटीपाशी बसलेला. तीन-चार रकाने वाचून झाले की राजा चाकूनं तेवढा तुकडा कापतो आणि विस्तवात टाकतो. पुन्हा वाचन, पुन्हा तुकडा. अशी सगळी गुंडाळी जळते. कुणी घाबरत नाही, कुणी कपडे फाडून आक्रोश करत नाही.

"पुढे?" गुरुजी म्हणाले. त्यांना पुढचं पाठ होतं, तरी विचारलं.

"पुढे हा दुसरी गुंडाळी घेतो आणि सगळं परत लिहायला सांगतो," बाबा म्हणाले. "वर आणखी भर घालतो." मग बराच वेळ काहीच बोलले नाहीत. गुरुजी मला नंतर सांगत होते, "मला वाटलं गेले उठून. मी हात पुढे केला तर गुडघा लागला. गुडघा हलत होता."

सोमवारी बाबांनी यंत्राच्या नोंदवहीत लाल शाईनं लिहिलं: चारपैकी तीन चाचण्या नापास. यंत्र वापरू नये. खाली सही केली.

नोंदवही रोज मेट्रनकडे जायची. मेट्रन म्हणजे साऱ्या परिचारिकांची प्रमुख. कडक, पण मनानं चांगली बाई. बाबांच्या बरोबरीनंच नोकरीला लागलेली. तिनं वाचलं आणि ती अधीक्षकांकडे गेली. अधीक्षकांपुढे अडचण खरीच होती. इस्पितळातलं दुसरं यंत्र वर्षभरापासून दुरुस्तीला गेलेलं. हे बंद केलं तर शस्त्रक्रिया बंद. फळ्यावर बेचाळीस माणसं वाट पाहत असलेली. त्यांतल्या कुणाचं आतडं फुटलं तर जबाबदार कोण?

"पट्टी काळी होतेय ना?" अधीक्षकांनी बाबांना बोलावून विचारलं.

"होतेय, साहेब. पण ती बाहेरची..."

"मग झालं. कुप्यांची पेटी जुनी असेल. नवीन मागवू. तोवर उगाच घबराट नको."

मंगळवारी बाबांनी नोंदवही उघडली तर लाल शाईचं पान नव्हतं. फाडलेल्याची बारीक कड शिवणीपाशी तेवढी राहिली होती.

त्या दिवशी घरी आल्यावर बाबांनी आम्हाला सगळं सांगितलं. बसून नाही, खोलीत येरझाऱ्या घालत. खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही लिहिलंत ना? तुमचं काम झालं. आता त्यांचं ते बघतील."

"ती गुंडाळी जळताना त्या राजाचा दरबारही हेच म्हणत असेल," बाबा म्हणाले. मला काही कळलं नाही.

आई एवढंच म्हणाली, "यंत्र बंद पडलं तर माझीही तारीख जाईल ना हो?"

बाबा थांबले. "जाईल."

"हं," आई म्हणाली, आणि बटाटे सोलू लागली.

बुधवारी बाबांनी तीच नोंद पुन्हा लिहिली, या वेळी तीन पानं भरून. चारही कुप्यांच्या तारखा, कुठल्या वेळी कुठलं गाठोडं आत होतं, ते कुठल्या खोलीत गेलं, काय काय तपासलं, आणि शेवटी: यापूर्वीची नोंद फाडण्यात आली आहे. मग तीच तीन पानं दुसऱ्या कागदांवर उतरवून सगळ्या शल्यचिकित्सकांच्या टपालाच्या कप्प्यांत एकेक प्रत ठेवली. यंत्राच्या दाराला लाल फडकं बांधलं.

दुपारी मेट्रन वाफेच्या खोलीत आली आणि तिनं दार लावून घेतलं.

"काय करून बसलात हे?" ती हळू आवाजात म्हणाली. "डॉक्टर भडकलेत. कामगार म्हणताहेत, वाफवाल्यांना इस्पितळ बंद पाडायचंय. सव्वीस वर्षं गेली ना चांगली?"

तिनं इकडेतिकडे बघितलं आणि आणखी जवळ आली.

"वहिनींच्या ऑपरेशनचं नका मनाला लावून घेऊ. त्यांच्यासाठी हत्यारांचा सेट मी बाहेरून करून आणते. माझी बहीण दुसऱ्या इस्पितळात आहे, तिथलं यंत्र चांगलं आहे. कुणाला कळायचं नाही. तुम्ही फक्त हे फडकं सोडा."

बाबांनी हातातलं गाठोडं खाली ठेवलं.

"म्हणजे तुम्हाला पटलंय," ते म्हणाले.

मेट्रन फडक्याकडे बघू लागली.

"तुम्हाला पटलंय, सिस्टर. नाहीतर तुम्ही बाहेरून कशाला आणणार होतात? एका माणसापुरतं पटलंय. बाकीच्या एकेचाळीसांचं काय?"

मेट्रनचे डोळे भरून आले, पण ती तशीच निघून गेली. फडकं तिनं सोडलं नाही. ते तासाभरानं दुसऱ्या कुणीतरी सोडलं.

संध्याकाळी बाबा गुरुजींच्या दारात उभे राहूनच बोलू लागले. "गुरुजी, तो दुसरा राजा. तो संदेष्ट्याला चोरून भेटायला बोलावतो ना? विचारतो, खरं काय ते सांग. आणि वर म्हणतो, आपलं बोलणं कुणाला कळू देऊ नकोस. आज मला कळलं तो राजा कसा दिसत असेल. चांगला दिसत असेल हो. अगदी चांगला."

गुरुवारी त्यांची बदली तळघरातल्या धुलाईखान्यात झाली. चादरी मोजायच्या, डाग बघायचे, गठ्ठे बांधायचे. वाफेच्या खोलीत नवा माणूस आला. त्यानं यंत्र चालूच ठेवलं. पण बाबांच्या कागदानं एक झालं होतं. दोन शल्यचिकित्सकांनी लेखी उत्तर मिळेपर्यंत हत्यारांना हात लावणार नाही असं कळवलं. पुढच्या आठवड्यात तिसऱ्यानं तेच केलं, कारण त्याच्या तीन रुग्णांच्या जखमा चिघळल्या होत्या. मग बाहेरचा तज्ज्ञ आला. त्यानं यंत्र उघडलं. हवा ओढून घेणारा पंप मधूनमधून दगा देत होता, त्यामुळे गाठोड्यांच्या आत हवा कोंडून राहायची आणि वाफ तिथवर पोचतच नव्हती. यंत्र त्याच दिवशी बंद झालं.

मला वाटलं, बाबा आता सुटले. मी चक्क आनंदानं घरी आले. बाबा खिडकीशी उभे होते.

"तुम्ही बरोबर होतात," मी म्हटलं.

"अगं, चुकलो असतो तर बरं झालं असतं," ते म्हणाले. "त्या संदेष्ट्याचंही तेच झालं. शहर पडलं तेव्हा तो काही टाळ्या वाजवत बसला नाही. रडला. मी म्हणायचो ना, सारखा रडतो म्हणून?"

चिघळलेल्या जखमांच्या माणसांत एक बसचालक होता. पायाची नळी मोडली होती, आत सळई घातली होती. सळई काढावी लागली, आणखी तीन शस्त्रक्रिया झाल्या. पाय राहिला, पण आखडला आणि आखूड झाला. बस चालवणं कायमचं सुटलं. धुलाईखान्यातून चादरींचे गठ्ठे वर पोचवताना बाबांना त्याची खाट दिसायची. पाचसात दिवस ते नुसतेच तिच्यावरून जात राहिले. मग एके दुपारी खाटेशेजारी बसले आणि त्यांनी आपण कोण ते सांगितलं. यंत्राचं, कुप्यांचं, फाडलेल्या पानाचं, सगळं.

चालकानं ऐकून घेतलं. मग विचारलं, "एवढं माहीत होतं, तर मोठ्यानं का नाही ओरडलात? कागद कसले लिहीत बसलात? माझ्या खोलीच्या दारात आडवं का नाही पडलात?"

इथे बाबांना गप्प राहता आलं असतं. ते राहिले नाहीत.

"तुमचं ऑपरेशन झालं त्या सोमवारी मी काहीच लिहिलं नव्हतं," ते म्हणाले. "दोन कुप्या पिवळ्या झालेल्या मला ठाऊक होत्या. पहिल्या कुपीपासून बारा दिवस मी कुणाला सांगितलं नाही. माझ्या बायकोची तारीख होती. यंत्र बंद झालं असतं तर तिची तारीख गेली असती. मी मनाला सांगत होतो, आणखी एकदा तपासून बघू. आणखी एकदा."

चालकानं तोंड भिंतीकडे वळवलं. "उद्या येऊ नका," म्हणाला.

ते बाबांनी घरी आईला सांगितलं. तिच्यासाठी म्हणून ते गप्प बसले होते, आणि ते ओझं आता तिच्याही डोक्यावर आलं होतं. मग ती म्हणाली, "मला विचारायचं तरी होतंत. मी काय सांगू नका म्हटलं असतं?" बोलता बोलता तिचा आवाज चढला. बाबा हात धुवायला उठले नाहीत.

चौकशी बसली. मेट्रननं समितीपुढे उभं राहून सांगितलं की पान मी फाडलं, साहेबांनी सांगितलं म्हणून फाडलं. बाबांची पाळी आली तेव्हा त्यांना विचारलं काय, तर नोंद कधी केली आणि कुणाला दिली. त्यांनी त्याचं उत्तर दिलं आणि न विचारलेलं पुढे सांगितलं. बारा दिवसांचं. समितीतला एक जण म्हणाला, "हे तुम्ही सांगितलं नसतं तरी चाललं असतं." बाबा म्हणाले, "तेच मला त्या बारा दिवसांत वाटत होतं."

अधीक्षकांची बदली झाली, मेट्रनला आणि बाबांना लेखी ठपका मिळाला. आईची शस्त्रक्रिया अडीच महिन्यांनी दुसऱ्या इस्पितळात झाली, आणि ती आता ठणठणीत आहे. नवं यंत्र आलं तेव्हा बाबांना वाफेच्या खोलीत परत बोलावलं. ते गेले. निवृत्तीपर्यंत त्यांनी आठवड्याला एक नाही, रोज एक कुपी ठेवली.

गुरुजींशी त्यांचा वाद मात्र मिटला नाही. गुरुजी म्हणायचे, तो संदेष्टा धीट होता. बाबा म्हणायचे, "धीट कसला हो? पहिल्याच दिवशी म्हणाला, मला बोलता येत नाही, मी लहान आहे. मधे एकदा म्हणाला, आता यापुढे तोंडच उघडणार नाही. त्याला ते शब्द आत कोंडून ठेवणं जमेना एवढंच. आमच्या खोलीत दाब वाढला की झडप उडते. तिला कुणी शूर म्हणतं का?"

"मग तुमची झडप बारा दिवस का नाही उडाली?" गुरुजी विचारायचे. त्यांना हे विचारायचा हक्क होता, म्हणून विचारायचे.

"जखम वरवर बांधून बरं आहे, बरं आहे म्हणणारे लोक त्याच्या शहरात होते ना," बाबा म्हणायचे. "मी बारा दिवस त्यांच्यातला होतो. तुम्ही मला पुस्तक वाचायला लावलंत तेव्हा मला वाटलं होतं, मी त्या संदेष्ट्याच्या बाजूला बसून वाचतोय."

यावर गुरुजी, पुढचं पान वाचा, म्हणायचे.

चालकानं उद्या येऊ नका म्हटलं होतं, म्हणून बाबा दुसऱ्या दिवशी गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी गेले. "मी येऊ नका म्हटलं होतं," चालक म्हणाला. "काल आलो नव्हतो," बाबा म्हणाले. चालकाला हसू आलं की राग, हे त्यांना अजून कळलेलं नाही. त्यांच्यात मैत्री झाली असं मी म्हणणार नाही. दर दोन महिन्यांनी बाबा त्याला पायाच्या तपासणीला घेऊन जातात. दोघं बसनं जातात. वाटभर चालक पुढच्या चालकाच्या चुका काढतो, हा ब्रेक असा का दाबतो, ते वळण असं का घेतो, आणि बाबा ऐकतात. कधी कधी त्याचा पाय फार दुखतो, तेव्हा तो बाबांना सगळ्या बससमोर घालूनपाडून बोलतो. तेही बाबा ऐकतात.

मागच्या खेपेला त्यानं आपली नेहमीची खिडकीजवळची जागा बाबांना दिली आणि काही न बोलता स्वतः कडेला बसला. बाबा घरी येऊन हे आईला सांगत होते. सांगताना खुर्चीवर बसत होते, उठत होते, पुन्हा बसत होते. आई म्हणाली, "अहो, एका जागी बसून सांगा ना." त्यांना ते काही जमलं नाही.